सोंगाड्या कोणाचा? : दादा कोंडके यांचे हसू आणि फडाचे देणे

दादा कोंडके यांच्याविषयी मराठीत आजवर दोनच तऱ्हांनी बोलले गेले आहे. पहिली तऱ्हा नाक मुरडणाऱ्यांची. त्यांच्या लेखी कोंडके म्हणजे द्व्यर्थी संवाद, लोंबणारी नाडी आणि पिटातल्या शिट्ट्या. मराठी चित्रपटाच्या अभिरुचीला लागलेला डाग. दुसरी तऱ्हा विक्रम मोजणाऱ्यांची. ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनिज बुकातली नोंद, मराठी नटाने हिंदी पडद्यापर्यंत मारलेली मजल. एक तऱ्हा त्यांना हाकलून देते, दुसरी डोक्यावर घेते. मात्र दोघींनाही एक साधा प्रश्न पडत नाही. अर्ध्या चड्डीतला, भाबडेपणाचे सोंग घेऊन मोठ्यांची फजिती करणारा हा माणूस पडद्यावर आला कोठून? त्याला जन्म कोणी दिला, पोसले कोणी, आणि त्याच्या मिळकतीतले किती त्याच्या मूळ घरी परत गेले?

हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण ते मूळ घर आपले आहे.

कोंडके यांची हकीकत थोडक्यात अशी. मूळ नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईच्या गिरणगावात, कामगाराच्या घरी. कुटुंब मूळचे भोरकडचे. तरुणपणी बँडपथक, अपना बाजारमधली नोकरी, मग राष्ट्र सेवा दलाचे कलापथक. तेथे निळू फुले, राम नगरकर यांची सोबत. १९६५ च्या सुमारास वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य त्यांनी रंगभूमीवर आणले आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून १९६९ मध्ये ते पडद्यावर आले. १९७१ मध्ये स्वतः निर्माते होऊन त्यांनी 'सोंगाड्या' काढला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३) यांच्यामागोमाग 'पांडू हवालदार' (१९७५) आला. या चित्रपटापासून दिग्दर्शनाची सूत्रेही त्यांनी हाती घेतली. मग 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'ह्योच नवरा पाहिजे' अशी रांग लागली. १९८४ पासून काही हिंदी चित्रपट केले. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले 'एकटा जीव' हे त्यांचे आत्मकथन आजही वाचले जाते.

या हकीकतीत एक धागा ठळक आहे. गिरणगाव, सेवा दल, लोकनाट्य, चित्रपट अशा पायऱ्या त्यात स्पष्ट दिसतात. पण सर्वांत खालची पायरी, जिच्यावर बाकीच्या उभ्या आहेत, ती या मोजणीत येत नाही. ती पायरी म्हणजे ढोलकी-फडाचा तमाशा.

आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात, ही पायरी शोधायला दूर जावे लागत नाही. संगमनेर तालुक्यातले हिवरगाव हे पवळाचे गाव. पवळा तबाजी भालेराव हिवरगावकर ही महार समाजातली कलावंतीण पठ्ठे बापूरावांच्या फडाचा प्राण होती. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तमाशात आला, 'पठ्ठे बापूराव' झाला, आणि त्याच्या त्यागाची कथा मराठी माणसाने कौतुकाने जपली. त्याच्यावर चित्रपट निघाला. लावण्यांवर त्याच्या नावाची मोहोर राहिली. पवळा मात्र त्या कथेत 'बापूरावांची पवळा' एवढीच उरली. तिची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि १९३९ मध्ये ती वारली. याच संगमनेरात पुढे कांताबाई सातारकर स्थिरावल्या. तुकाराम खेडकरांच्या पश्चात त्यांनी फड उभा केला, चालवला, आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्या गेल्या. जिल्ह्याची सीमा ओलांडली की नारायणगाव. तेथे भाऊ-बापू मांग यांचा वारसा आणि विठाबाईंचे नाव. दसऱ्याला फड बाहेर पडायचे, चैत्र-वैशाखाच्या जत्रांपर्यंत गावोगाव फिरायचे, आणि पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावकारभारी येऊन सुपाऱ्या द्यायचे. या साऱ्या व्यवहारात राबणारी माणसे मुख्यतः महार-मांगांची होती. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे त्यांच्या हाती होते. आणि सोंगाड्याही त्यांचाच होता.

सोंगाड्या म्हणजे नुसता विदूषक नव्हे. गण-गवळण आटोपून वग उभा राहिला की राजा, प्रधान, पाटील, फौजदार ही सारी मातब्बर मंडळी मंचावर येतात, आणि त्यांच्याशी बोलायचा अधिकार सोंगाड्याला असतो. तो हुकूम ऐकतो, पण चुकीचा ऐकतो. तो मुजरा करतो, पण मुजऱ्यातच टोपी उडवतो. दिवसा ज्या चावडीसमोरून पायताण हातात घेऊन जावे लागे, त्याच चावडीच्या मालकाला रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात हा माणूस शब्दात पकडून गावासमोर हसवून सोडी. ही मुभा एका रात्रीची होती. सकाळी पुन्हा तोच महारवाडा आणि तोच मांगवाडा. तरी ती मुभा होती, आणि ती आपल्या माणसांनी बुद्धीच्या बळावर कमावली होती. लिहिता न येणाऱ्यांनी, संहिता हातात नसताना, रोज रात्री नवा संवाद रचण्याची ही कला आहे. मराठीतल्या नाट्यसमीक्षेने तिला 'हजरजबाबीपणा' असे गोंडस नाव देऊन विषय संपवला. ती टीका होती, आणि टीका करणाऱ्याची जात काय होती हे सांगितल्याशिवाय तिचे मोल कळत नाही.

दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावे लागत नाही. त्यांचा सावळ्या कुंभार दरबारात उभा राहून बोलतो तेव्हा दरबारच त्याच्या अंगणात आल्यासारखा वाटे. १९७३ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. पण 'सोंगाड्या' या शब्दाने आज मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा येतो? इंदुरीकरांचा नव्हे.

हे कसे घडले? स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे तमाशाला परवानगी मिळाली ती सुधारणेच्या आणि तपासणीच्या अटीवर. म्हणजे ज्याची सारी ताकद आयत्या वेळच्या बोलण्यात, त्याने बोलणे आधी लिहून दाखवायचे. याच काळात पांढरपेशा वर्गाने तमाशाचा साचा उचलला. सेवा दलाच्या कलापथकाने तो लोकशिक्षणासाठी वापरला, पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, वसंत सबनीस यांनी त्यासाठी लिहिले. त्याचे नाव झाले 'लोकनाट्य'. तमाशा हे नाव फडाकडे राहिले आणि बदनामीही फडाकडे राहिली. लोकनाट्य शिवाजी मंदिरात गेले. या स्थलांतरात हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. सेवा दलाच्या तरुणांचा हेतू चांगलाच होता. पण घर बदलताना सामान गेले आणि माणसे मागे राहिली, ही वस्तुस्थिती आहे.

दादा कोंडके या स्थलांतराचे सर्वांत हुशार अपत्य होते. 'विच्छा'मध्ये त्यांचा हवालदार प्रधानाच्या नालायक मेहुण्याला कोतवालीवर बसलेला पाहतो, आणि मैनावतीच्या साहाय्याने, राजाच्या छपरी पलंगाच्या निमित्ताने, त्याचा पुरता बोजवारा उडवतो. वशिलेबाजीवरचे हे प्रहसन. सबनीसांची संहिता चोख होतीच, पण कोंडके तीत रोज नवी भर घालत, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातले राजकारण ओढून आणत. हा गुण कोणत्या नाट्यशाळेतला नव्हता. तो फडातला होता. गिरणगावात कोकण आणि देशावरून आलेला कामगार जी गाणी, जी सोंगे सोबत घेऊन आला होता, त्यांतून तो त्यांच्यापर्यंत आला. म्हणून कोंडके यांना चोर म्हणणे अन्यायाचे होईल. ते वारस होते. फक्त वारसाहक्काने जे मिळाले त्यावर कर्जही होते.

आता 'सोंगाड्या'कडे येऊ. या चित्रपटाशेजारी १९७२ चा 'पिंजरा' ठेवून पाहावा, कारण दोन्ही एकाच काळातले आणि दोन्ही तमाशाविषयीचे. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'त आदर्शवादी मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाने रसातळाला जातो आणि अखेर फडात तुणतुणे धरून उभा राहतो. तेथे फड म्हणजे चिखल. सज्जन माणूस त्यात पडतो याची शोकांतिका करायची. चिखलातच ज्यांचे आयुष्य गेले त्यांची शोकांतिका होत नाही. ते पार्श्वभूमी असतात. 'सोंगाड्या'त उलट आहे. कडक आईचा भोळा मुलगा नाम्या कलावती नावाच्या नाचणारणीवर जीव लावतो, घराबाहेर पडतो, आणि त्याला आसरा मिळतो तो फडात. तेथे त्याच्या वेडेपणाला किंमत येते. ज्या माणसाला गावात कामाचा कोणी समजत नाही त्याला तमाशा पोटाला लावतो. म्हणजे 'पिंजरा' सांगतो की फड माणसाला गिळतो, आणि 'सोंगाड्या' सांगतो की गावाने टाकलेल्याला फड उचलतो. अभिजनांनी 'पिंजरा'ला कलाकृती म्हटले आणि 'सोंगाड्या'ला पाचकळ. तमाशातल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर माणुसकी कोणत्या चित्रपटात अधिक आहे हे सांगायला समीक्षकाची गरज नाही.

कोंडके यांचे हे श्रेय मी हातचे राखून देत नाही. बोली बोलणारा, देखणा नसलेला, इंग्रजी न येणारा माणूस त्यांनी नायक केला. त्याआधी असा माणूस मराठी पडद्यावर नोकर होता. जिल्ह्यातल्या तंबू टॉकीजमध्ये जमिनीवर बसून ज्यांनी हे चित्रपट पाहिले, त्यांना प्रथमच आपल्यासारखे बोलणारा कोणी जिंकताना दिसला. माझ्या पिढीने कोंडके तंबूत पाहिले नाहीत, टीव्हीवर आणि मग मोबाइलवर पाहिले. पण ज्या घरात पहिला पदवीधर मी, त्या घरात थोरली माणसे त्यांचे संवाद तोंडपाठ म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात जो मोकळेपणा येई तो खोटा नव्हता.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की नाम्याला जात नाही.

फडाचा सोंगाड्या महार-मांगांचा होता म्हणून त्याच्या विनोदाला धार होती. पडद्यावरचा नाम्या, सदाशिव, गंगाराम हे गरीब आहेत, अडाणी आहेत, एकटे आहेत. पण गावकुसाच्या आत आहेत की बाहेर, हे चित्रपट सांगत नाही. जात काढून टाकली की सोंगाड्या सर्वांचा होतो, आणि सर्वांचा झाला की त्याचे हसू कोणालाच बोचत नाही. पाटीलही टाळी देतो, कारण पाटलाला ठाऊक असते की हा आपल्यातलाच वेडा आहे. नाम्याचे प्रेम जमते, मार खाऊनही जमते, कारण मारणाऱ्याने त्याची जात विचारलेली नसते. आमच्या जिल्ह्यात ती विचारली जाते. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, मारून टाकण्यात आले. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सर्व आरोपी सुटले. या मातीत भोळ्या गरीब पोराच्या प्रेमाचा विनोद करायचा असेल तर त्याचे आडनाव लपवूनच करावा लागतो. कोंडके यांनी ते लपवले. त्यांच्या यशाची ती अट होती.

दुसरी गोष्ट द्व्यर्थाची. तिच्यावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली आहे आणि सर्वांत कमी विचार. आक्षेप घेणारे म्हणतात, भाषा घाण आहे. कोंडके यांचा नेहमीचा बचाव असा की, घाण ऐकणाऱ्याच्या मनात आहे. सेन्सॉरशी त्यांचे खटके याच मुद्द्यावर उडत. माझ्या मते दोघेही मूळ प्रश्न टाळतात. द्व्यर्थ हे हत्यार आहे, आणि हत्याराविषयी विचारायचे ते हे की त्याचे तोंड कोणाकडे आहे. फडाच्या बतावणीत त्याची दोन तोंडे होती. एक तोंड सत्तेकडे. सरळ बोलले तर फटके पडतील म्हणून वाकडे बोलायचे. पाटलाला कळेल पण धरता येणार नाही असे बोलायचे. ही गुलामाची भाषा आहे आणि तिला इतिहास आहे. दुसरे तोंड बाईच्या देहाकडे. तेथे वाकडे बोलण्याची सक्ती कोणाची नव्हती. बोलणाऱ्याला भीती नव्हती आणि ऐकणाऱ्या बाईला उत्तर देण्याची सोय फारच थोडी होती.

कोंडके यांच्या कारकिर्दीचा आलेख या दोन तोंडांनी मांडता येतो. 'विच्छा'त पहिले तोंड मोठे आहे. 'पांडू हवालदार'मध्येही ते शाबूत आहे. खाकी कपड्यातला हा गरीब शिपाई आणि अशोक सराफांचा हवालदार मिळून पोलीस खात्याच्या रुबाबाची जी दशा करतात ती अस्सल वगातली आहे. 'राम राम गंगाराम'मध्ये पैसा आल्यावर भोवती जमणाऱ्यांची टर आहे. पुढे पुढे पहिले तोंड बोथट होत जाते. १९८४ नंतरच्या हिंदी चित्रपटांत तर पाटील नाही, फड नाही, बोलीही नाही. उरते ती फक्त चावट शीर्षकांची कोटी, आणि कोटीचे निशाण एकच, बाई. माती सुटल्यावर सोंगाड्याचे असेच होते. सत्तेकडे तोंड करून बोलायला पाय कोठेतरी रोवलेले असावे लागतात.

आणि येथेच तो प्रश्न येतो ज्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. या हसण्याची किंमत कोणी मोजली? कोंडके यांना अश्लील म्हटले गेले, पण त्या शिक्क्याने त्यांचे काय बिघडले? ते 'दादा' झाले, रौप्यमहोत्सव झाले, मरणोत्तर गौरव झाला. तोच शिक्का फडातल्या बाईवर बसला तेव्हा तो तिच्या मुलीच्या लग्नापर्यंत आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत गेला. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरच्या दिवसांतली त्यांची आर्थिक ओढाताण वर्तमानपत्रांचा विषय झाली होती. ऐन खेळात बाळंत होऊन पुन्हा मंचावर उभ्या राहिलेल्या या बाईच्या धैर्याचे गोडवे आपण गातो, पण तिला त्या रात्री उभे का राहावे लागले हे विचारत नाही. सुपारी घेतली होती, आणि प्रेक्षक पैसे देऊन बसला होता. जामखेडच्या कलाकेंद्रांत आज ज्या मुली नाचतात त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मध्ये या घराची आतली बाजू लिहिली, तेव्हा मराठी वाचकाला धक्का बसला. धक्का बसण्याचे कारण एवढेच की तोवर त्याने हे घर फक्त समोरून, तिकीट काढून पाहिले होते.

डॉ. शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशाचा इतिहास दलित स्त्रीच्या बाजूने मांडला आहे. 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या तीन मराठी शब्दांभोवती त्यांचे विवेचन फिरते. अश्लीलता हा देहाचा गुण नसून जातीने चिकटवलेला शिक्का आहे, हे त्या कागदपत्रांनी दाखवतात. पवळाबाईंना त्यांनी इतिहासात त्यांच्या नावाने उभे केले. पाईक यांचे मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातले, कोपरगाव तालुक्यातले पोहेगाव. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा जिल्ह्यात अभिनंदनाचे फलक लागायला हवे होते. हा ग्रंथ आमच्या महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात यायला किती वर्षे लागतील, हे मी सांगू शकत नाही.

राजकारणाचा भागही टाळता येत नाही. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने 'सोंगाड्या'ला जागा नाकारली, देव आनंदचा हिंदी चित्रपट लावला, आणि शिवसेनेने रस्त्यावर उतरून 'सोंगाड्या' लावून दिला. मराठी निर्मात्यावर अन्याय झाला होता यात वाद नाही. पण त्या दिवसापासून सोंगाड्या एका पक्षाचा झाला. कोंडके पुढे सेनेच्या प्रचारसभांत तोफ म्हणून फिरले. आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९७२ मध्ये 'एकटा जीव सदाशिव' चालू होता, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. एका बाजूला बीडीडी चाळीतला आंबेडकरी तरुण होता, समोर शिवसैनिक होते, आणि पोलिसांच्या वागण्याविषयी दलित वस्त्यांत संताप होता. पुढच्याच वर्षी 'पांडू हवालदार' आला आणि महाराष्ट्र पोलिसावर खदखदून हसला. या दोन पोलिसांची गाठ कधीच पडली नाही. एकाच गिरणगावात, एकाच दशकात, सोंगाड्याचा कलात्मक वारस आणि सोंगाड्याची खरी नातवंडे समोरासमोरच्या गोटांत उभी होती. फडाचा सोंगाड्या राजाच्या बाजूने कधी बोलला नव्हता. पडद्यावरच्या सोंगाड्याला आपला राजा सापडला.

हे सगळे कोंडके यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या चळवळीनेही फडाकडे पाठ फिरवली, आणि त्याला सबळ कारण होते. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आपल्या बायकांना नाचवून मिळालेल्या पैशावर मुक्तीचा लढा उभारायचा नाही, हा त्यामागचा अर्थ. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना तो व्यवसाय सोडून देण्याचे आवाहन केले. हा नकार स्वाभिमानाचा होता. त्यातूनच भीमराव कर्डकांसारख्यांचा आंबेडकरी जलसा घडला. त्याने तमाशाचे गण, संवाद, गाणे हे अवयव घेतले, नाचणारी बाई घेतली नाही, आणि गणात देवाच्या जागी विचार आणला. अण्णाभाऊ साठ्यांनी लाल बावटा कलापथकातून हेच दुसऱ्या वाटेने केले. त्यांच्या वगातला सामान्य माणूस सावकाराला नुसता हसत नाही, जाबही विचारतो.

पण नकार देताना आपण व्यवसायाला नकार दिला की माणसांना, हे तपासायची वेळ आली आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे दरवर्षी स्नेहसंमेलनात कोणी ना कोणी मुलगा अर्धी चड्डी घालून, नाडी सोडून कोंडके यांची नक्कल करतो आणि सभागृह डोक्यावर घेतो. त्याच सभागृहात अशी मुले-मुली बसलेली असतात ज्यांच्या आजी-आजोबांनी फडात ढोलकी वाजवली, सोंगे काढली, पायांत चाळ बांधले. ती सांगत नाहीत. नकलाकाराला टाळ्या, आणि ज्यांच्या घरातून ती नक्कल निघाली त्यांना लाज, ही वाटणी केवळ सवर्णांनी केलेली नाही. ती टिकवायला आपल्या गप्पपणाचाही हातभार आहे.

दुसऱ्या तऱ्हेचे हसू शक्य होते काय? होते. कोंडके यांचेच सोबती राम नगरकर यांनी 'रामनगरी'त आपल्या नाभिक घराची, आपल्या धंद्याची गोष्ट नाव घेऊन सांगितली आणि महाराष्ट्राला हसवले. तेथे जात लपवलेली नाही. जातीने केलेला अपमानच विनोदाचा कच्चा माल आहे, आणि हसून झाल्यावर ऐकणारा थोडा अस्वस्थ होतो. अलीकडे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हा हिशेब पुरा झाला. त्या चित्रपटातले गाव अकोळनेर, आमच्या नगरजवळचे. कैकाड्याचा जब्या घरच्यांबरोबर डुकराच्या मागे धावतो, शाळेची पोरे आणि गाव बाजूला उभे राहून हसते, आणि आपण प्रेक्षक कोणाच्या रांगेत बसलो आहोत हे हळूहळू आपल्याला कळू लागते. अखेर जब्याने भिरकावलेला दगड पडद्यातून सरळ आपल्याकडे येतो. नाम्याबरोबर हसणे सोपे होते, कारण तेथे आपण नाम्याच्या बाजूला आहोत असे वाटायचे. 'फँड्री' विचारतो, खरोखर होतात काय?

यावर कोणी म्हणेल, विनोदी नटाकडून एवढी अपेक्षा कशाला? त्याने हसवले, पुरे झाले. पण सोंगाड्याकडून ही अपेक्षा मी बाहेरून लादत नाही. ती त्या भूमिकेतच आहे. तिच्या मूळ धन्यांनी अंगावर वळ सोसून ती अपेक्षा पुरी केली होती. कोंडके यांच्याजवळ त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होते: पैसा, चित्रपटगृहे, पाठीशी पक्ष, आणि लाखो गरिबांचे प्रेम. त्या प्रेमाच्या बळावर ते एकदा तरी नाम्याचे आडनाव सांगू शकले असते. ते सांगितले गेले नाही, आणि मराठी विनोदाचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते तेथे, चावटपणाने नव्हे.

आता करायचे काम आपले आहे आणि ते फार मोठ्या खर्चाचे नाही. संगमनेर, अकोले, जामखेड, पाथर्डी भागात फडात राबलेली म्हातारी माणसे अजून हयात आहेत. त्यांना बतावण्या आठवतात, कोणत्या गावात कोणत्या पाटलाची कशी जिरवली हे आठवते, कोणत्या गावाने सुपारी बुडवली हेही आठवते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांनी छंद-अलंकारांवरचा आणखी एक प्रकल्प करण्याऐवजी हे उतरवून घ्यावे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग त्यासाठी ठेवावा. शिक्षकांनी वर्गात पवळाचे नाव बापूरावांच्या आधी घ्यावे. उतरवून घेताना बाईला आधी बोलू द्यावे, सोंगाड्याला नंतर. कारण आजवर सोंगाड्या बोलला आणि बाई हसण्याचा विषय राहिली. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि जात त्याच्या संमतीने लिहावी, आणि तो नको म्हणाला तर तो नकारही नोंदवावा. त्या नकारातही इतिहास आहे.

कोंडके यांचे चित्रपट लोक पाहत राहतील, आणि पाहावेत. 'सोंगाड्या' मीही पुन्हा पाहीन. मात्र पुढच्या वेळी नाम्या फडाच्या राहुटीत शिरला की कॅमेरा ज्यांच्यावर थांबत नाही त्यांच्याकडे पाहावे: ढोलकीवाल्याकडे, तुणतुणे धरलेल्या म्हाताऱ्याकडे, मागे पदर सावरून उभ्या असलेल्या बाईकडे. नाम्याला त्यांनी घरात घेतले होते. त्या घराचे भाडे अजून थकलेले आहे.